जुना सिनेमा दाखवायचाय : कापलेली प्रत घ्यावी की अख्खी?

जुना, गाजलेला सिनेमा चार लोकांना दाखवायचा ठरला की नावावर एकमत पटकन होतं. घोडं अडतं ते प्रतीवर. एकाच सिनेमाची सेन्सॉरने कापलेली प्रत असते, टीव्हीसाठी सोवळी केलेली असते, रिस्टोअर केलेली असते आणि हल्ली स्ट्रीमिंगवर गुपचूप बदललेलीही सापडते. फिल्म क्लब चालवणारे, वर्गात सिनेमा दाखवणारे शिक्षक आणि घरी मुलांना घेऊन बसणारे पालक, या तिघांना एकच प्रत चालेल असं नाही. माझा कल आधीच सांगून टाकतो: मोठ्यांना अख्खी प्रत दाखवा आणि आधी थोडं बोला. लहानांसाठी कापलेली प्रत शोधत बसू नका, सिनेमाच दुसरा निवडा.

कात्री लावलेली प्रत

हिचा फायदा उघड आहे. कुणी अवघडत नाही, नंतर कुणाचे फोन येत नाहीत. काही वेळा पर्यायही नसतो. ब्रिटनमध्ये १९३७ पासून कायदा आहे की चित्रीकरणासाठी प्राण्याला खरोखर क्रूरपणे वागवलं असेल तर ते दृश्य जाहीर खेळात दाखवता येत नाही. त्यामुळे घोडे तारेत अडकवून पाडलेली जुनी दृश्यं तिथे आजही कापली जातात. या कात्रीबद्दल माझी तक्रार नाही, कारण तिथे इजा खरी झालेली असते.

तक्रार आहे ती कापलं की दृश्य सौम्य होतं या समजुतीबद्दल. १९३१ चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ घ्या. तळ्याकाठी छोटी मारिया त्या राक्षसाबरोबर खेळतेय. दोघं एकेक फूल पाण्यात टाकून ते तरंगताना बघतात. त्याच्या हातातली फुलं संपतात. फुलं तरंगली तशी हीही तरंगेल असं त्याला वाटतं आणि तो तिला उचलून पाण्यात टाकतो. ती बुडते, तो भेदरून पळत सुटतो. सेन्सॉरला हे सोसलं नाही. कापलेल्या प्रतीत तो तिच्याकडे हात पुढे करतो तिथेच दृश्य तुटतं, आणि नंतर दिसतो तो मुलीचं प्रेत हातांवर घेऊन गावात येणारा बाप. मधलं काय ते प्रेक्षकाने ठरवायचं, आणि अशा वेळी प्रेक्षक चांगलं काही ठरवत नाही. जी अजाणतेपणाची चूक होती, ती भलत्याच अत्याचारासारखी वाटू लागते. गाळलेला तुकडा परत जोडला गेला १९८०च्या दशकात. तोवर दोन-तीन पिढ्यांनी वेगळाच राक्षस पाहिला होता.

कात्री दर वेळी घातच करते असंही नाही. ‘शोले’त अहमदचा, म्हणजे आपल्या सचिन पिळगांवकरचा, खून पडद्यावर होत नाही. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि पुढे घोडा अहमदचं प्रेत घेऊन गावात येतो. हत्येचं दृश्य चित्रित झालं होतं, ते गाळलं गेलं. ती मुंगी जे सांगते ते त्या हत्येला जमलं असतं का, याबद्दल मला शंका आहे. शेवटाची गोष्ट मात्र निराळी. आणीबाणीचा काळ होता, आणि माजी पोलीस अधिकारी असलेल्या ठाकूरने कायदा हातात घेऊन गब्बरला मारावं हे सेन्सॉरला मान्य नव्हतं. म्हणून ऐनवेळी पोलीस पोचतात असा शेवट नव्याने चित्रित करावा लागला. तिथे नुसतं कापलं नाही, सूड घ्यायला निघालेल्या माणसाला शहाणं करून परत पाठवलं. मूळ शेवट असलेली रिस्टोअर केलेली प्रत २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. पोलीसवाला शेवट ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांना ही प्रत दाखवावी आणि नंतर खुर्च्या आवरायची घाई करू नये.

गुपचूप बदललेली प्रत

सगळ्यात टाळण्यासारखी हीच, कारण बदल झालाय हे बघणाऱ्याला कळतच नाही. ‘द फ्रेंच कनेक्शन’ हा १९७१ चा सिनेमा. २०२३ मध्ये अमेरिकेत स्ट्रीमिंगवर दिसणाऱ्या त्याच्या प्रतीत काही सेकंदांचा संवाद गायब असल्याचं प्रेक्षकांच्याच लक्षात आलं. त्यात पोलिसाच्या तोंडी वंशद्वेषी शिवी होती. नायक किती घाणेरडा माणूस आहे हे सांगणारीच ती जागा. ती काढली की तो जरा बरा वाटतो, म्हणजे कात्रीचा फायदा शिवी देणाऱ्यालाच. ‘स्प्लॅश’ (१९८४) मध्ये तर २०२० साली नायिकेचा पार्श्वभाग झाकायला संगणकावर केस लांब केले. डोळे न ताणताही कळावं इतकं ते ओबडधोबड होतं.

ही युक्ती काही आजची नाही. डिस्नेच्या ‘फँटेशिया’ या कार्टूनपटातलं कृष्णवर्णीय नोकराणीचं व्यंगात्मक पात्र १९६९ च्या पुनर्प्रदर्शनात कापलं गेलं. पुढच्या आवृत्त्यांत चित्रच मोठं करून त्याला कडेबाहेर ढकललं. आणि १९३३ च्या ‘बेबी फेस’मध्ये जे केलं त्याला तर दाद द्यावी लागेल. गरीब, पिचलेल्या नायिकेला म्हातारा चांभार जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे वाचून दाखवतो आणि सांगतो: मोठ्या शहरात जा, पुरुषांचा वापर कर, हवं ते मिळव. सेन्सॉरने पास केलेल्या प्रतीत तोच चांभार त्याच खोलीत बजावतो की चांगला मार्ग आणि वाईट मार्ग वेगळे असतात, वाईट मार्गाची किंमत फार मोठी असते. नवी वाक्यं त्याचे ओठ दिसणार नाहीत अशा कोनातल्या शॉटवर चढवली आहेत. मूळ प्रत २००४ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली आणि नंतर दोन्ही प्रती डीव्हीडीवर आल्या. फिल्म क्लबवाल्यांनी या सिनेमाच्या दोन्ही प्रतींतलं हे दृश्य लागोपाठ दाखवावं. सेन्सॉरशिपवर तासभर व्याख्यान ठेवण्यापेक्षा हे बरं.

अख्खी प्रत, आधी प्रस्तावना

जून २०२० मध्ये ‘गॉन विथ द विंड’ एचबीओ मॅक्सवरून काढला गेला तेव्हा दोन्ही बाजूंनी आरडाओरडा झाला. काही दिवसांतच तो परत आला, एकही फ्रेम न कापता. सुरुवातीला चित्रपट अभ्यासक जॅकलिन स्ट्युअर्ट यांचं काही मिनिटांचं निवेदन जोडलं होतं. गुलामगिरीच्या काळाचं हे गोडगोड चित्र का खोटं आहे आणि तरी सिनेमा का पाहायचा, हे त्या सांगतात. डिस्नेनेही २०२० मध्ये आपल्या काही जुन्या सिनेमांआधी इशाऱ्याची पाटी लावली, जी तेव्हा पुढे ढकलता येत नव्हती. दोन्हींत मी निवेदनाच्या बाजूने. पाटी एवढंच सांगते की पुढे काहीतरी वाईट आहे. निवेदन ते कुठे आहे आणि का आहे ते सांगतं.

तुम्ही स्वतः बोलणार असाल तर निषेधाच्या वाक्यांपेक्षा एखादी ठोस हकिकत सांगा. ‘गॉन विथ द विंड’साठीच हॅटी मॅकडॅनियलला ऑस्कर मिळालं, ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. पण डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटात झालेल्या पहिल्या खेळाला तिला जाता आलं नाही, आणि ऑस्करच्या रात्रीही तिचं टेबल इतरांपासून वेगळं होतं. एवढं ऐकलेला प्रेक्षक सिनेमा वेगळ्या नजरेने पाहतो. पाच मिनिटांत आटपा मात्र, आणि कथा फोडू नका.

रिस्टोअर केलेली

हिच्याबद्दल गैरसमज एवढाच की नवी प्रत म्हणजे मूळ प्रत. ‘मेट्रोपोलिस’च्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. १९२७ मध्ये बर्लिनला प्रदर्शित झालेला हा सिनेमा लगेचच कापला गेला. २००८ मध्ये ब्यूनॉस आयर्सला १६ मिमीची प्रत सापडली आणि २०१० च्या आवृत्तीत सुमारे २५ मिनिटं परत आली. त्या भागांवर ओरखड्यांचा पाऊस आहे. प्रेक्षकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर प्रोजेक्टर बिघडला म्हणून उठतील. याउलट ‘ई.टी.’ची २००२ ची आवृत्ती. तिच्यात पोलिसांच्या हातातल्या बंदुका जाऊन वॉकी-टॉकी आले. स्पीलबर्गने स्वतः केलेला बदल, आणि पुढे आपण तो करायला नको होता असंही त्यानेच सांगितलं. ही आवृत्ती घेऊ नका.

मुलं असतील तर

एखादंच दृश्य अडत असेल तर घरी रिमोट आहे. चार दृश्यं अडत असतील तर तो सिनेमा त्या वयाचा नाही, पाच वर्षांनी दाखवा. बाजारातल्या ‘स्वच्छ’ प्रतींच्या नादी लागू नका. अमेरिकेत अशा कापलेल्या डीव्हीडी भाड्याने देणारा धंदा २००६ मध्ये न्यायालयाने बंद पाडला. घरच्या घरी दृश्य वगळून पाहायला तिथला २००५ चा कायदा मुभा देतो, पण कापलेली प्रत तयार करून देणं वेगळं.

हातातली प्रत ओळखायची कशी

आधी लांबी बघा, पण लांबीवर फार विसंबू नका. सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा युरोपीय पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर २५ च्या वेगाने पळतो, त्यामुळे १०० मिनिटांचा सिनेमा काहीही न कापता ९६ मिनिटांत संपतो. मूकपटांचं तर विचारूच नका, वेग बदलला की लांबी बदलली. त्यापेक्षा कान वापरा. कापलेल्या जागी पार्श्वसंगीत सूर मध्येच सोडून उडी मारतं, ते डोळ्यांना चुकलं तरी कानाला खटकतं. ओठ हलतायत आणि आवाज नाही, किंवा सबटायटल आहे पण संवाद नाही, असं दिसलं तर तिथे कुणाचा तरी हात फिरलेला आहे. चित्र एकाएकी जवळ येऊन दाणेदार झालं तरी तेच समजा.

आणि ज्या प्रतीवरून खेळ करणार तीच आधी पूर्ण पाहा, तिच्यासारखी दुसरी नव्हे. स्ट्रीमिंगवरची प्रत कधी बदलेल याची हमी नसते, म्हणून चांगली डिस्क मिळत असेल तर खेळ डिस्कवरूनच करा आणि कुठली आवृत्ती दाखवताय ते पत्रकावर सालासकट छापा.