मुलांशी राजकारण बोलायचं तर सुरुवात कुठून: नळापासून, पुस्तकापासून की टीव्हीपासून?

जानेवारी 2026 मध्ये मुंबई पालिकेचं मतदान करून घरी आले, तेव्हा माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने बोटावरची शाई घासून बघितली आणि विचारलं, "ही पंतप्रधानांची निवडणूक होती का?" तिची चूक नव्हती. याआधीची पालिका निवडणूक 2017 मधली आणि मार्च 2022 पासून कारभार प्रशासकाच्या हाती होता. नगरसेवक हा शब्द तिच्या कानावर पडायचं कारणच नव्हतं. दिल्ली मात्र रोज टीव्हीतून घरात येत होती. थोरला सोळाचा. त्याचे प्रश्न वेगळे, धारदार. दोघांशी बोलताना तिन्ही वाटा वापरून पाहिल्या, म्हणून हे लिहिते आहे.

लहान मुलांसाठी मी डोळे झाकून नळ निवडेन. आम्ही भांडुपला राहतो, पाणी शुद्ध करणारं पालिकेचं मोठं केंद्र इथेच आहे. "आपलं पाणी येतं कुठून?" या एका प्रश्नावर आमचे दोन रविवार गेले. मुंबईला सात तलावांचं पाणी येतं. विहार आणि तुळशी इथलेच, बाकीचे लांबचे. तानसा पालिकेचा, पण भातसा आणि अप्पर वैतरणा ही धरणं राज्य सरकारची. म्हणजे पालिका आणि राज्य यांतला फरक मुलीला नकाशावर बोट ठेवून कळला. तानसा, भातसा शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो, हे सांगितल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, "धरण त्यांच्याकडे आणि पाणी आपल्याकडे, हे ठरवलं कोणी?" राजकारणाचा याहून नेमका प्रश्न मी मोठ्या माणसांकडूनही क्वचित ऐकला आहे. उत्तर मला एका वाक्यात देता आलं नाही आणि तसं तिला सांगितलं.

नळाऐवजी शाळेचा रस्ताही चालतो. बेस्टची बस पालिकेची, लोकल केंद्राची, सिग्नलवरचा पोलीस राज्याचा. मे 2025 मध्ये बसचं किमान भाडं 5 रुपयांवरून 10 झालं. ते कोणी वाढवलं, कशासाठी, आणि पटलं नाही तर जाब कोणाला विचारायचा, एवढ्यावर अर्धा तास सहज जातो. या वाटेची मर्यादाही सांगायला हवी: हक्क, न्यायालय, धर्मनिरपेक्षता या गोष्टी नळातून येत नाहीत.

तिथे पुस्तक लागतं. बालभारतीच्या नागरिकशास्त्राचा क्रम चांगला आहे. सहावीला स्थानिक शासन, सातवीला संविधान, आठवीला संसद. अडचण एवढीच की नववी-दहावीला हा विषय इतिहासासोबत 40 गुणांच्या एकाच पेपरात बसतो आणि मुलं तो गुणांपुरताच वाचतात. घरात काही घडलं की तोच धडा काढून एक पान मोठ्याने वाचायचं, याहून जास्त मी करत नाही.

टीव्हीबद्दल माझं मत कडक आहे. बारा वर्षांच्या आतल्या मुलासमोर संध्याकाळच्या चर्चा लावू नका. त्यातून त्याला विषय कळत नाही. कोण कोणावर ओरडतो, एवढंच कळतं, आणि तेच राजकारण असं त्याच्या मनात बसतं. सोळाव्या वर्षी गोष्ट बदलते. 2022 मध्ये शिवसेना आणि 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटली. "एका पक्षाचे दोन होतात, मग खरा कुठला? आणि पक्ष बदलणाऱ्यावर कायदा नाही का?" हे मुलाने बातम्यांमधूनच उचललं. मग आम्ही आवाज बंद करून संविधानाची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, वाचली. पक्षांतरबंदी 1985 मध्ये आली. एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना अपात्रतेतून मिळणारी सवलत 2003 च्या घटनादुरुस्तीने गेली. त्यावर तो माझ्याशी भांडला, मी त्याच्याशी भांडले, आणि ते भांडण मला फार मोलाचं वाटतं. मोठ्या मुलासाठी बातम्या घ्या, पण प्रश्न मिळवण्यापुरत्या. उत्तरं दुसरीकडे शोधा.

आता सगळ्यात अवघड निवड: आपली बाजू मुलांना सांगायची की नाही? मराठीत मत म्हणजे विचारही आणि व्होटही. मी या दोघांत फरक करते. मुलीला मी पक्षाचं नाव सांगत नाही, कारण ती ते शाळेत झेंड्यासारखं मिरवेल आणि एखाद्या मैत्रिणीशी त्यावरून वैर धरेल. मुलाला माझा विचार सांगते, कारणासकट, आणि कुठल्या बाबतीत माझा विचार बदलला तेही सांगते. त्याचे आजोबा माझ्या उलट बाजूचे आहेत. दोघांचं बोलणं त्याच्यासमोर होऊ देते. मात्र मशीनवरचं बटण कुठलं दाबलं, हे मी घरात कोणालाच सांगत नाही. मतदान गुप्त का असतं, हे मुलांना त्यामुळे आपोआप कळलं.

मतदान केंद्रावर मुलांना नेण्याचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा: नियमाने आत फक्त कडेवरचं मूल चालतं. मोठ्यांना बाहेर थांबवून रांग दाखवा, आणि लोकसभा-विधानसभेला मत कोणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्रातली चिठ्ठी सात सेकंद दिसते, हे घरी आल्यावर सांगा.

मुलगा पुढच्या वर्षी सतरा पूर्ण करेल. सतरा झाले की मतदार नोंदणीचा फॉर्म 6 आगाऊ भरता येतो. आमच्याकडे तो फॉर्म धाकटी वाचून दाखवणार आहे, असं तिने आत्ताच ठरवून टाकलंय.