व्हीडीआरएल पॉझिटिव्ह म्हणून घाबरवलं आणि १२ हजार काढले

मी पेडण्याचा, कामाला म्हापशाला. हे लिहायला लाज वाटतेय पण माझ्या लाजेवरच एका क्लिनिकवाल्याने पैसे कमावले म्हणून लिहितोय.

सप्टेंबरात एकदा कंडोम न वापरता संबंध आला आणि डोक्यात भीती बसली. सरकारी दवाखान्यात कोणतरी ओळखीचं भेटेल म्हणून म्हापशाला मार्केटजवळ माडीवरच्या एका क्लिनिकात गेलो. दहाव्या दिवशी रक्त दिलं, रिपोर्टात व्हीडीआरएलपुढे (सिफिलिस या गुप्तरोगाची रक्ताची टेस्ट) 'वीकली रिॲक्टिव्ह १:२', म्हणजे किंचित पॉझिटिव्ह, आणि त्याला लाल पेनाने गोल. खाली ना सही ना शिक्का, पण तेव्हा बघतो कोण. क्लिनिकवाला आवाज खाली करून म्हणाला, रक्तात भिनलंय, लग्न करायचंय ना, २१ दिवस इंजेक्शनं, ३० हजार, घरी कळायला नको असेल तर आजच सुरू कर. हात कापत होते, तिथेच १२ हजार जीपे केले. चार इंजेक्शनं टोचली, कसली ते आजपर्यंत सांगितलं नाही.

शेवटी मावसभावाला सांगितलं, तो मला धरून बांबोळीला जीएमसीत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, घेऊन गेला. डॉक्टरीण बाईंनी पहिलं विचारलं, मध्ये ताप आलेला काय? ऑगस्टात मलेरिया झालेला. मग म्हणाल्या भियेनाका, व्हीडीआरएल ही नुसती चाळणी टेस्ट, मलेरियानंतरही खोटी पॉझिटिव्ह येते, टीपीएचए ही खात्रीची टेस्ट केल्याशिवाय सिफिलिस म्हणायचं नाही. ती निगेटिव्ह आली, तरी फार लवकर केलेली म्हणून तीन महिन्यांनी परत करायला सांगितलीय. आणि खरंच असता तरी सुरुवातीच्या सिफिलिसला बेंझाथिन पेनिसिलिनचा एकच डोस, २४ लाख युनिट, एका दिवसात काम. २१ दिवस कुठून आणले त्याने!

मला जास्त राग याचा आला की त्याच क्लिनिकात दहाव्या दिवशीच्या एचआयव्ही टेस्टवर 'एकदम सेफ, परत नको' सांगितलेलं. आयसीटीसीतल्या (सरकारी एचआयव्ही तपासणी आणि सल्ला केंद्र) काउन्सेलरने दार लावून नीट समजावलं की इतक्या लवकर निगेटिव्ह आली तरी खात्री नसते, तीही तीन महिन्यांनी परत. तिथे टेस्ट फुकट, आणि रिपोर्ट दुसऱ्या कोणाला सांगत नाहीत, २०१७ चा कायदाच आहे तसा. जायच्या आधी काय विचारायचं असेल तर १०९७ या एचआयव्ही-एड्स हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे.

पैसे मागायला गेलो तर म्हणतो पावती दाखव, पावती त्याने दिलीच नव्हती. जीपेचा स्क्रीनशॉट आणि तो लाल गोलवाला कागद ठेवलाय, सोमवारी भावाला घेऊन पोलिसात जातोय.