गायनेकोचं ऑपरेशन आणि भुलीच्या मॅडम (४ स्टार)

गायनेको म्हणजे गायनेकोमास्टिया, पुरुषाची छाती बाईसारखी वाढणं. ऑपरेशननं छाती सपाट झाली का, तर झाली. त्याचे फोटो बाकीच्यांच्या रिव्ह्यूत आहेत. मी लिहितोय ते ऑपरेशनच्या आधीच्या भीतीबद्दल, कारण पुण्यातल्या या क्लिनिकला ४ स्टार मी त्यासाठीच दिलेत.

सांगलीत वाढलो, पण कृष्णेत पोहायला उतरलो तेही बनियन घालूनच. घरात फक्त आईला माहीत होतं, काकांना हर्निया सांगितला. आजार असता तर घाबरायला तरी हक्क होता. इथं स्वतःच्या हौसेनं पैसे भरून घाबरायचं, मग बोलणार कुणाशी? रात्री यूट्यूबवर लायपोसक्शनचे, म्हणजे नळीनं चरबी ओढून काढण्याचे व्हिडिओ बघत बसायचो. तुम्ही बघू नका.

सर्जन हुशार आहेत, पण "टेन्शन घेऊ नका, छोटंसं आहे" यापलीकडे बोलत नाहीत. त्यांनी छातीतली ग्रंथी कशी काढणार ते दोन मिनिटांत सांगितलं. माझी भीती मात्र भुलीची होती.

ती घालवली भुलीच्या मॅडमनी. त्या आदल्या आठवड्यात वेगळी वेळ देऊन तपासतात. तोंड उघडायला लावलं, मान मागे न्यायला लावली, घोरतोस का, दात हलतात का, तंबाखू खातोस का, सगळं विचारलं. मी म्हटलं, "मॅडम, मध्येच जाग आली तर?" त्या हसल्या नाहीत. नाडी, बीपी, ऑक्सिजन, श्वासातला कार्बन डायऑक्साइड सगळं पूर्ण वेळ समोर दिसत असतं, आणि मी तुला सोडून बाहेर जात नाही, म्हणाल्या. शिवाय भुलीचं औषध शिरेत जाताना हात जळजळेल, ते तसंच असतं, हेही सांगून ठेवलं. टेबलावर खरंच जळजळलं आणि मला उलट बरं वाटलं. ठरल्याप्रमाणे चाललंय म्हणायचं!

उपाशी राहण्याचं गणितही त्यांनीच लिहून दिलं: जेवण ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. मला रात्रभर घसा कोरडा ठेवायचा वाटत होतं.

एक स्टार कापला तो ऑपरेशनच्या दिवसासाठी. आधीची केस लांबली, कुणी येऊन सांगितलं नाही. मागून उघडा गाऊन घालून, पोटात कावळे ओरडत असताना, टीव्हीवर आधीचे-नंतरचे फोटो फिरताना बघत बसलो. ते फोटो तिथून काढाच. तुम्ही सकाळची पहिली केस मागून घ्या.

कुठंही करा, पण सर्जनची प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का बघा, आणि भूलतज्ज्ञांना आधी भेटता येईल का ते फोनवरच विचारा. कॉस्मेटिक म्हटलं की विमा सहसा हात वर करतो, म्हणून कोटेशन लेखी घ्या, त्यात प्रेशर व्हेस्ट (ऑपरेशननंतर छातीवर घालायचा घट्ट बनियन) धरलाय का तेही बघा. तो काही आठवडे घालावा लागतो. दोन घ्या, एक धुवायला. आणि मे महिन्यात चुकूनही तारीख घेऊ नका.