स्लीपिंग बॅग घ्यायची का घरची घोंगडी न्यायची?

थंडी पडली की साताऱ्यातली पोरं रायरेश्वर-केंजळगड मुक्कामी करायचं ठरवतात. सामानाची यादी पटापट होते, टॉर्च, तीन लिटर पाणी, जादा मोजे, गूळ-शेंगदाणे, पण गाडी अडते ती पांघरुणापाशी. मी दोन्ही वापरलंय म्हणून सांगतो.

आधी वजन. घरच्या काट्यावर टाकून बघितलं, आमची घोंगडी २ किलो ८०० ग्रॅम भरली आणि बॅग १ किलो ३००. दीड किलोचा फरक घरात काहीच वाटत नाही, रायरेश्वराच्या लोखंडी शिड्या चढताना बरोबर कळतो, त्यात घोंगडी सॅकमध्ये मावत नाही, वळकटी करून वर बांधावी लागते आणि ती मागं ओढत राहते. बॅग ४५ लिटरच्या सॅकमध्ये तळाला बसते, वर कपडे, डबा सगळं जातं. इथं बॅगच सरस, वादच नाही.

पण उबेचं तसं नाही. एकदा पठारावर आम्ही उघड्यावर झोपलो होतो, पहाटे डोळे उघडले तर घोंगडीवर दवाचे थेंब मण्यासारखे नुसते वर बसलेले, झटकले की गेले, आतनं कोरडी. शेजारी मित्राची बॅग पायाकडनं ओलीगार. लोकर दमट झाली तरी ऊब सोडत नाही. सिंथेटिक बॅग भिजली तर निदान लवकर वाळते, पण पिसं भरलेली डाऊन बॅग भिजली की आत गोळे होतात आणि ऊब गेलीच म्हणून समजा. शेकोटीजवळ बसायचं तर घोंगडीच पाहिजे, ठिणगी पडली तर लोकर जराशी करपते, बॅगच्या नायलॉनला लगेच भोक पडतं.

बॅग घेताना लेबल नीट वाचा. माझ्या पहिल्या बॅगवर ५ डिग्री मोठ्या अक्षरात छापलेलं, मी खुश होऊन घेतली आणि रात्रभर कुडकुडलो, नंतर कळलं तो लिमिटचा आकडा होता, म्हणजे कशीबशी रात्र निघेल एवढ्या थंडीचा. कम्फर्टचा, म्हणजे आरामात झोप लागेल तो आकडा वेगळा असतो आणि आपल्याला तोच बघायचा असतो.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो, दोन्हीतलं काहीही न्या पण मॅट विसरू नका. अंगाच्या वजनानं बॅगचा खालचा भर दाबला जातो, मग कातळाचा गारठा सरळ पाठीत शिरतो. फोमची मॅट अर्ध्या किलोच्या आत येते. घोंगडी मोठी असेल तर अर्धी खाली अर्धी वर घेता येते, तरी मॅट हवीच.

वर्षातनं एखादाच मुक्काम, तोही आपल्याच डोंगरात असेल तर घोंगडी न्या, उरलेल्या पैशात मॅट आणि चांगली टॉर्च घ्या. पुढं हिमालयाचा विचार असेल किंवा रोज सॅक पाठीवर घेऊन चार-पाच दिवस चालायचं असेल तर बॅगच घ्या, तिथं घोंगडीचं वजन परवडत नाही. कातडीला लोकर टोचत असेल तरी बॅगच बरी.

घरी आल्यावर घोंगडी उन्हात टाका, मशीनमध्ये घालू नका, आटते. बॅग पिशवीत कोंबून ठेवू नका, मोकळी लटकवा, महिनोन्महिने दाबून राहिली की परत फुगत नाही.