तबेल्यात येऊन घोड्याची मालिश करून देणारी सेवा : एक परीक्षण

पुणे परिसरातल्या तबेल्यांमध्ये स्वतः येऊन घोड्यांची मालिश आणि अंगमोडणीचे व्यायाम करून देणारी एक सेवा आम्ही गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घोडीसाठी घेत आहोत. तबेल्यातल्या इतर घोडेमालकांनी तिच्याविषयी वारंवार विचारणा केली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो : ही सेवा घेण्याजोगी आहे. मात्र जाहिरातीत जो ‘आराम’ पुढे केला जातो, तो तिच्या मोलाचा लहानसा भाग आहे. स्नायू मोकळे होतात हे खरे असले तरी तो मोकळेपणा काही दिवसच टिकतो. शिकलेल्या हातांनी घोड्याचे अंग कानशिलापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंत सावकाश चाचपले जाणे आणि दुखऱ्या जागेमागचे कारण शोधायची वाट त्यातून सापडणे, हा खरा लाभ आहे.

आमची घोडी थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी पैदास होणाऱ्या जातीची, शर्यतीच्या मैदानावरून निवृत्त झालेली. शर्यतीच्या घोड्याचे शरीर एकाच कामासाठी घडवलेले असते. लहान वयात कामाला जुंपणे, वेगाच्या मेहनतीखेरीज दिवसाचा बहुतेक वेळ ठाणावर काढणे आणि मैदानावर एकाच दिशेने वळणे घेत धावणे, हे सारे त्याच्या अंगात मुरते. असा घोडा नंतर रपेटीसाठी किंवा शिकाऊ स्वारांसाठी वापरायचा, तर त्याला पाठ वर उचलून, दोन्ही बाजूंना सारखे वळत चालायला नव्याने शिकवावे लागते. आमची घोडी तंग (खोगिराचा पोटपट्टा) आवळताना कान मागे टाकायची, मान वळवून दात दाखवायची, आणि डाव्या वर्तुळावर कँटर (संथ दौड) करताना दोन-चार ढांगांतच चाल मोडून ट्रॉटवर (दुडक्या चालीवर) यायची. ‘शर्यतीतल्या घोड्या अशाच चिडक्या असतात’ असे सांगणारे पुष्कळ भेटले. पशुवैद्यांनी तपासून ती लंगडत नसल्याचे सांगितले होते, दातांच्या कडाही कानशीने घासून झाल्या होत्या. पावसाने रिंगणात चिखल झाल्यावर ती दिवसचे दिवस ठाणावर उभी राहू लागली आणि अंग जास्तच आखडले, तेव्हा या सेवेला बोलावले.

मालिश करणाऱ्या ताईंनी आल्या आल्या घोडीला हात लावला नाही, ही मला सर्वांत आधी आवडलेली गोष्ट. पशुवैद्यांनी शेवटचे कधी पाहिले, नालबंदी कधी झाली, कोणते औषध चालू आहे का, खोगीर कोणते, आठवड्याला काम किती, असे प्रश्न त्यांनी विचारले. मग घोडीची निगा राखणाऱ्या आमच्या मोतद्दार मामांना त्यांनी घोडी कडक जमिनीवर सरळ चालवायला, दोन्ही बाजूंना लहान वळणे द्यायला आणि चार पावले मागे सरकवायला सांगितले. त्यानंतर अंबोणाची (खुराकाची) बादली घोडीच्या मागे सुरक्षित अंतरावर पालथी घालून त्या बादलीवर उभ्या राहिल्या आणि पुठ्ठ्यांवरून पाठीकडे पाहत राहिल्या. त्यांनी मलाही तिथे उभे केले. वरून पाहिल्यावर डाव्या फऱ्याच्या (खांद्याच्या रुंद हाडाच्या) मागे तळहात मावेल एवढा खळगा स्पष्ट दिसत होता, उजवीकडे तो बराच उथळ होता. घोडीच्या शेजारी रोज उभे राहूनही ही असमानता दिसत नाही, कारण बाजूने पाहताना एका वेळी एकच अंग समोर असते.

प्रत्यक्ष मालिशीत जोर फार थोडा होता. प्रथम हाताच्या मागच्या बाजूने सगळ्या अंगावर ऊब चाचपली गेली, मग सपाट तळव्याने लांब हात फिरवले गेले आणि त्यानंतरच बोटांनी एकेका स्नायूचा अंदाज घेतला गेला. डाव्या फऱ्यामागच्या त्या खळग्याच्या कडेवर बोटे येताच घोडीची कातडी माशी बसावी तशी थरथरली, तिने पाठ खाली दाबून अंग चोरले आणि नाकपुड्या आक्रसल्या. इथे हात रेटणारा माणूस घोडा गमावतो. ताईंनी दाब कमी करून तळवा तसाच ठेवला आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळाने घोडीचा खालचा ओठ सैल लोंबला, पापण्या जड झाल्या, तिने काही नसताना रवंथ केल्यासारखा जबडा हलवला आणि लांब फुरफुरून एक मागचा पाय विसावला. तेव्हाच हात पुढे सरकला. पुठ्ठ्यांवर आणि मांडीच्या मागच्या बाजूला मात्र त्यांनी चांगला भार देऊन मळले आणि घोडीने ते खुशीने करून घेतले. कोणत्या जागेला किती दाब मानवतो हे घोडा ठरवतो आणि माणूस त्याच्याकडे लक्ष ठेवतो, या पद्धतीवर माझा विश्वास बसला.

फऱ्यामागची जागा एवढी महत्त्वाची का, हे घोड्याच्या शरीराच्या रचनेवरून कळते. घोड्याला कॉलरबोन नसते. त्याचे धड पुढच्या दोन पायांच्या मध्ये हाडाच्या सांध्याने जोडलेले नसून स्नायूंच्या झोळीत टांगलेले असते, आणि उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर येतो. फऱ्याच्या मागे, १८ बरगडी-मणक्यांच्या दोन्ही अंगांना, मानेच्या मुळापासून कमरेपलीकडे जाणारा पाठीचा लांब स्नायू पसरलेला असतो आणि खोगीर नेमके त्याच्यावर बसते. खोगिराचा पुढचा सांगाडा अरुंद असेल तर तो दर पावलाला या स्नायूला आणि सरकत्या फऱ्याला चिमटा घेतो. दाबाखालचा स्नायू हळूहळू झिजतो, घोडा पाठ पोकळ सोडून मान वर धरू लागतो, मागचे पाय पोटाखाली येईनासे होतात, आणि आपण त्याला आळशी किंवा चिडका म्हणून मोकळे होतो.

म्हणूनच पहिल्या सत्राच्या शेवटी ताईंनी खोगीर मागवले आणि खाली नमदा (लोकरीची घडी) न घालता घोडीच्या पाठीवर ठेवले. पुढच्या कमानीखाली डाव्या बाजूला त्यांची बोटे शिरेनात. पुढच्या रपेटीनंतर खोगीर उतरवल्याबरोबर पाठीवरचा घाम पाहा, असे त्यांनी सुचवले. सगळी पाठ घामाने ओली असताना त्याच जागी कोरडा ठिपका निघाला. खोगीर कारागिराकडे नेऊन त्याचा सांगाडा तपासून घेतला आणि गादीतली लोकर नव्याने भरून घेतली. तंग आवळतानाची कुरकुर त्यानंतरच्या आठवड्यांत ओसरत गेली आणि डावीकडचा कँटरही टिकू लागला. एवढा बदल केवळ मालिशीने झाला असता, असे मला वाटत नाही. खोगीर तेच ठेवून महिनोन्‌महिने मालिश करून घेतली असती, तर पैसेही गेले असते आणि पाठही. परंतु खोगिराकडे बोट दाखवले ते मालिशीनेच, आणि त्याबद्दल मी या सेवेचा ऋणी आहे.

शास्त्रीय आधाराविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण या क्षेत्रात अतिशयोक्ती पुष्कळ चालते. घोडे एकमेकांचे खांद्यांवरच्या उंचवट्याजवळ दातांनी खाजवतात, त्या जागी माणसाने खाजवले तरी घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे क्लॉडिया फे आणि द माझिएर यांनी १९९३ मध्ये दाखवले. नरेल स्टब्स, हिलरी क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गाजराच्या आमिषाने मान ठरावीक दिशांना वळवून घेण्याचे व्यायाम तीन महिने केल्यावर पाठीच्या कण्याला आधार देणारे खोल स्नायू जाड झाल्याचे आढळले. असे अभ्यास थोड्या घोड्यांवर झालेले असतात, हे ध्यानात ठेवूनच त्यांचे वजन ठरवावे. याउलट, मालिशीने अंगातली विषारी द्रव्ये बाहेर पडतात, किंवा सरकलेला मणका हाताने जागेवर बसवता येतो, या दाव्यांना मी थारा देणार नाही. घोड्याचे मणके जाड स्नायूंच्या आणि बळकट अस्थिबंधांच्या आत खोल असतात, अंगठ्याच्या दाबाने ते इकडचे तिकडे होत नाहीत. दुसऱ्या एका ठिकाणी मालिश करणाऱ्याने घोड्याची ‘कंबर सरकल्याचे’ ठामपणे सांगितलेले मी ऐकले आहे. ज्या सेवेविषयी मी लिहीत आहे, तिथे असे बोलणे एकदाही कानावर आले नाही. ‘इथे हात लावू देत नाही, याचे कारण पशुवैद्यांनी शोधावे,’ एवढेच ताई म्हणतात. आपल्याकडे १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानुसार निदान आणि उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्याचे काम आहे, आणि ही मर्यादा सांभाळणारा मालिशकारच मला भरवशाचा वाटतो. घोडा लंगडत असेल, ताप असेल, पोटशूळ असेल, एखादी जागा सुजून गरम झाली असेल किंवा कामानंतर पुठ्ठे दगडासारखे कडक होऊन घोडा पाऊल टाकत नसेल, तर त्या दिवशी मालिश मुळीच नको, पशुवैद्यांना फोन करावा.

सत्रानंतर मोतद्दारमामांना शिकवण्यासाठी राखलेला वेळ मला मालिशीइतकाच मोलाचा वाटतो. घोडीला रोज हात लागतो तो मामांचा. त्यांच्या खराऱ्याला मी तोड पाहिलेली नाही, आणि गवताची मूठ वळून पुठ्ठ्यांवर थापण्याची त्यांची पद्धत ताईंनाही आवडली. ‘मामा, हे चालूच ठेवा, फक्त कमरेवर हात हलका ठेवा,’ असे त्यांनी सांगितले, कारण शेवटच्या बरगडीच्या मागे खाली हाडांचा पिंजरा नसतो. गाजराचे व्यायाम कामानंतर, अंग गरम असताना करायचे : हनुवटी छातीला, मग पुढच्या गुडघ्यांच्या मध्ये, मग दोन्ही बाजूंना तंगाजवळ आणि शेवटी मांडीकडे. प्रत्येक ठिकाणी काही क्षण थांबवून मगच गाजर द्यायचे. घोडा हिसका मारून गाजर ओढत असेल, किंवा मान वळवण्याऐवजी पाय सरकवून चुकवत असेल, तर अंतर कमी करायचे. मामांनी हे इतक्या निष्ठेने केले आहे की उजवीकडे जेमतेम कोपरापर्यंत येणारे घोडीचे तोंड आता सहज बरगडीपर्यंत जाते.

उणिवाही आहेत. प्रत्येक सत्रानंतर मिळणारा लेखी अहवाल इंग्रजीत असतो, आणि घोड्याच्या आकृतीवर खुणा असल्या तरी सूचनांचा मजकूर मामांना वाचता येत नाही. रोजची निगा ज्याच्या हाती आहे त्यालाच अहवाल कळू नये, ही गंभीर त्रुटी आहे. अनेक सत्रांचे पैसे आगाऊ घेण्याची योजनाही मला पटत नाही, कारण पुढचे सत्र लागेल की नाही हे घोड्याच्या प्रकृतीवर ठरायला हवे. एका सत्राचे शुल्क एका नालबंदीपेक्षा बरेच अधिक आहे, त्यात प्रवासखर्च वेगळा. दोन-तीन मालकांनी एकाच दिवशी बोलावले तर तो वाटून घेता येतो. सुरुवातीला एक वेळ अंबोणाच्या सुमारास दिली गेली आणि घोडी दाराकडे मान लांबवून अस्वस्थ उभी राहिली. तेव्हापासून आम्ही दुपारच्या निवांत वेळेचा आग्रह धरतो आणि तो मान्य होतो.

स्वच्छतेच्या बाबतीत मात्र पूर्ण समाधान आहे. एका तबेल्यातून दुसऱ्यात जाणारा माणूस पावसाळ्यात गजकर्ण आणि बुरशी सहज पसरवू शकतो, आणि ग्लँडर्ससारखा माणसालाही होणारा रोग आपल्या देशात आढळतो. ताई प्रत्येक घोड्यानंतर हात धुतात, बूट जंतुनाशकात बुडवून येतात आणि ब्रश व खरारा त्या-त्या घोड्याचाच वापरतात.

जे घोडे रोज ओझे वाहतात, माथेरानच्या चढणीवर किंवा समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना फिरवतात, त्यांच्या मालकांना ही सेवा परवडणार नाही, आणि खर्चाच्या क्रमात ती पहिली येऊही नये. तिथे नीट बसणारे खोगीर, जखम न करणारा तंग, वेळेवर नालबंदी, पाणी आणि विसावा यांनी घोड्याची पाठ जेवढी सुखावेल तेवढी मालिशीने सुखावणार नाही. मात्र दोन्ही तळव्यांनी रोज पाठ चाचपून कोणती जागा गरम आहे, कुठे घोडा अंग चोरतो हे पाहणे कोणालाही फुकट जमते.

आम्ही आता महिन्या-दीड महिन्याने एक सत्र घेतो, कामाचे प्रमाण वाढवण्याआधी किंवा खोगिरात बदल केल्यावर अधिकचे. मालिशीच्या दुसऱ्या दिवशी घोडीला हातात धरून चालवणे किंवा हलकी रपेट एवढेच काम देतो, स्पर्धेच्या आदल्या दिवशी मालिश ठेवत नाही. अहवाल मराठीतून द्यावा, अशी विनंती सेवेला लेखी केली आहे. तोवर मामांसाठीच्या सूचना मीच मराठीत लिहून ठाणाच्या दाराशी लावतो.