कामगारांकडून नीट काम करून घ्यायला चुकीचा दंड कापायचा की चांगल्या कामाला लगेच शाबासकी द्यायची?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागांवर मी सुपरवायझर आहे. दोन्ही करून बघितलंय.

दंडाचा परिणाम लगेच दिसतो, हे खरं. पण चूक कमी होत नाही, लपते. धागा तुटून पट्टा पडलेला टॉवेल घडीच्या आत जातो आणि वरचा चकाचक दिसतो. मी समोर असलो की सगळं शिस्तीत. चहाला गेलो की येरे माझ्या मागल्या. शिवाय चूक सोमवारची, कपात पगाराच्या दिवशी! तोवर कशाबद्दल कापले तेच आठवत नाही, राग मात्र राहतो. आणि कायद्याने पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त दंड करताही येत नाही.

शाबासकीचं गणित वेगळं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचं म्हणणं असं, की ज्या वागण्यामागोमाग काही चांगलं मिळतं, ते वागणं वाढतं. म्हणून ‘छान काम करता’ असं मोघम बोलून भागत नाही. धागा तुटताच माग थांबवून गाठ मारली, की तिथेच म्हणायचं, “अण्णा, वेळेत थांबवलात, टॉवेल वाचला.” सुरुवातीला दर वेळी, मग अधूनमधून, नाहीतर त्याची किंमतच राहत नाही. मालकांना हे लाड वाटतात. वाटू देत.

चालू मागात हात घालणाऱ्याला मात्र मी जागीच ओरडतो. तिथे शाबासकीची वाट कोण बघणार?