७० लाखांचा २ बीएचके: अंडर कन्स्ट्रक्शन, ओसी आलेला की रिसेल? जीएसटीचा खरा हिशोब

पुण्यात सध्या फ्लॅट बघताय ना, मग तीन वाक्यं कानावर पडलीच असतील. सेल्सवाला म्हणतो "सर फक्त ५ टक्के जीएसटी आहे", काका म्हणतात "रेडी घे रे, जीएसटी वाचतो", आणि एजंट म्हणतो "रिसेलला जीएसटी नाहीच". तिघंही खरं बोलतात आणि तिघंही अर्धंच बोलतात.

आधी आकडे. अग्रीमेंट व्हॅल्यू ७० लाख धरू, फ्लॅट पुणे मनपा हद्दीत. स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे ४ लाख ९० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, हे तिन्हीकडे सारखंच (रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला भाव जास्त निघाला तर ड्युटी त्याच्यावर लागते, हे विसरू नका). फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर ड्युटीत १ टक्का सूट आहे, म्हणजे ७० हजार सुटले, पण नवऱ्याचं नाव जोडलं की गेली ती सूट. मग अंडर कन्स्ट्रक्शनला वर ५ टक्के जीएसटी, साडेतीन लाख. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र, इमारत राहायला तयार असल्याचा सरकारी दाखला) आलेल्याला, म्हणजे रेडी फ्लॅटला शून्य. रिसेलला पण शून्य, पण तिथे एजंटचे १-२ टक्के आणि सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम, जे २५ हजारांच्या वर घ्यायला परवानगी नाही, तरी डोनेशनच्या नावाखाली मागणारे भेटतातच.

म्हणजे वरवर बघता साडेतीन लाखांचा फरक. आता हा फरक खरंच खिशात राहतो का, ते बघायचं.

जीएसटी आला १ जुलै २०१७ ला. त्याआधी आपल्याकडे सर्व्हिस टॅक्स आणि १ टक्का व्हॅट मिळून साधारण साडेपाच टक्के पडायचे. मग जीएसटीत ते एकदम १२ झाले, पण बिल्डरला सिमेंट, स्टील, लिफ्टवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळायचं आणि ते गिऱ्हाइकाला द्यायचं असं ठरलं होतं, ते किती जणांना मिळालं हा वेगळा विषय. १ एप्रिल २०१९ पासून दर ५ वर आणला आणि क्रेडिट बंद केलं. इथेच मेख आहे. क्रेडिट बंद म्हणजे सिमेंटवरचा टॅक्स बिल्डरच्या खर्चात मुरतो, आणि बिल्डर तो स्क्वेअर फुटाच्या भावात घालतो. ओसी आलेल्या फ्लॅटला तुमच्या बिलात जीएसटीची ओळ नसते, पण भावात तो आहेच. त्यामुळे "रेडीला जीएसटी शून्य" ऐकून खूश होण्याआधी त्याच एरियातल्या अंडर कन्स्ट्रक्शनचा भाव अधिक ५ टक्के आणि रेडीचा भाव असं शेजारी शेजारी मांडून बघा, बऱ्याचदा रेडीचा भाव तेवढाच वर असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आलं, घासाघीस करताना हे बोलून दाखवायला काही हरकत नाही.

आणि भाडं? १८ हजार भाडं भरणारा माणूस दोन वर्षं पझेशनची वाट बघत बसला तर ४ लाख ३२ हजार गेले, जीएसटीपेक्षा जास्त. वर लोनचे हप्ते सुरू. माझं मत विचाराल तर भाड्याने राहणाऱ्याने टॅक्सचा विचार दोन नंबरला ठेवावा, आधी पझेशनची तारीख महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर जाऊन बघावी, ब्रोशरमधली नाही. घरच्या घरात राहणाऱ्याला मात्र अंडर कन्स्ट्रक्शन परवडू शकतं, पैसे हप्त्याहप्त्याने जातात आणि जीएसटीसुद्धा प्रत्येक डिमांड लेटरबरोबर (बिल्डरच्या हप्ता मागणाऱ्या पत्राबरोबर) थोडा थोडा जातो.

आता ओसीची गंमत, जी सगळ्यात महागात पडते. जीएसटी माफ कधी, तर सगळेच्या सगळे पैसे भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर दिले तर. ओसी पुढच्या महिन्यात येणारे, सेल्सवाला म्हणतो आत्ता १ लाख देऊन ब्लॉक करा, तुम्ही दिलेत, की पूर्ण ७० लाखांवर ५ टक्के, नुसत्या त्या लाखावर नाही. ओसी खरंच तोंडावर असेल तर थांबा, आणि थांबायला बिल्डर तयार नसेल तर हा साडेतीन लाखांचा विषय आहे असं स्पष्ट बोला. आर्किटेक्टने दिलेलं पत्र म्हणजे ओसी नव्हे, "काम पूर्ण झालंय, लोक राहतायत" हे तोंडी ऐकून पण सोडू नका, मनपाच्या किंवा पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) सहीचा कागद बघा, आणि तो तुमच्याच बिल्डिंगचा आहे का ते पण, कारण पार्शल ओसी ए विंगची असते आणि फ्लॅट विकतात सी विंगचा.

बजेट ७० नसून पंचेचाळीसच्या आसपास असेल तर सगळं गणितच बदलतं. अफोर्डेबलमध्ये, म्हणजे परवडणाऱ्या घरांच्या गटात बसलं की जीएसटी १ टक्का. अटी दोन: एकूण रक्कम ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) पुण्या-नाशकात ९० चौरस मीटरपर्यंत, मुंबई महानगर प्रदेशात ६० पर्यंत, म्हणजे साधारण ६४५ स्क्वेअर फूट. कल्याण-पनवेलवाले पण यातच. पण ती एकूण रक्कम म्हणजे नुसता फ्लॅटचा भाव नव्हे, पार्किंग, फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे), डेव्हलपमेंट चार्जेस सगळं धरून. कॉस्ट शीटवर फ्लॅट ४४ लाख, खाली बारीक अक्षरात पार्किंग दीड लाख, झाले साडेपंचेचाळीस, आणि १ टक्क्याने पंचेचाळीस हजारांच्या आत बसणारा जीएसटी थेट २ लाख २७ हजार ५०० झाला. पन्नास हजारांनी भाव कमी करून घेतला तर इथे एकदम दोन लाखांच्या आसपास वाचू शकतात, एवढं फायद्याचं निगोशिएशन दुसरीकडे कुठे होणार नाही.

रिसेलबद्दल फार बोलत नाही. ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातून कापून सरकारकडे भरायचा इन्कम टॅक्स) तुम्ही कापायचा, आणि विकणारा परदेशात स्थायिक असेल तर तो १ टक्क्याचा नियम चालत नाही, कापायची रक्कम बरीच मोठी होते, सीएला विचारल्याशिवाय टोकन देऊ नका. जुनी सोसायटी असेल तर मेंटेनन्स महिना साडेसात हजारांच्या वर आहे का तेही विचारा, कारण तिथून पुढे मोठ्या सोसायटीत त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, दर महिन्याला.

एक शेवटचं, अंडर कन्स्ट्रक्शन बुक करून नंतर कॅन्सल केलं तर "जीएसटी सरकारकडे गेला, परत येणार नाही" हे उत्तर मुकाट्याने ऐकून घेऊ नका. बिल्डरची क्रेडिट नोट (आधीचं बिल कमी केल्याचा कागद) द्यायची मुदत संपली असली तरी जीएसटीच्या डिसेंबर २०२२ च्या सर्क्युलरनंतर साधा गिऱ्हाईक स्वतः जीएसटी पोर्टलवर रिफंडचा अर्ज करू शकतो, त्याला बिल्डरकडून कॅन्सलेशनचे कागद आणि सर्टिफिकेट लागतं, तेव्हा ते देणं बिल्डरवर बंधनकारक राहील अशी ओळ अग्रीमेंटमध्ये आधीच घालून घ्या.